हिरवळ, ओवा आणि बाबांचं अंगण

तर मंडळी, या शनिवारी ना किल्ला, ना शिलालेख, ना जुना नकाशा. या वेळचा इतिहास आमच्या नाशिकच्या घरापुढच्या अंगणाचा. लांबी वीस फूट, रुंदी वीस फूट. एकूण चारशे चौरस फूट इतिहास! हसू नका. या चारशे फुटांत कापडगिरणीतली एक कल्पना आहे, जर्मन रसायनं आहेत, मुंबई उच्च न्यायालय आहे, ओव्याची बरणी आहे, आणि आमचे बाबा आहेत.

सुरुवात बाबांपासूनच करतो.

बाबा मूळचे सिन्नर तालुक्यातले. ज्यांना सिन्नर म्हणजे शिर्डीच्या वाटेवरचा चहा एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो, नाशिक म्हटल्यावर जी द्राक्षं आणि गोदावरी डोळ्यांपुढे येते ती सगळ्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली नाही. सिन्नरचा पूर्व भाग पावसाच्या सावलीतला. माझी आजी डोक्यावर हंडा घेऊन किती लांब जायची याचे आकडे बाबा दर वेळी वेगळे सांगतात, पण कमी कधीच होत नाहीत. असा माणूस २००८ साली निवृत्त झाला, पाथर्डी फाट्याच्या पुढे बंगला बांधला, आणि पहिली गोष्ट कुठली केली? लॉन लावलं. टेम्पोतून कार्पेट लॉनचे चौकोनी तुकडे आले, दोन माणसांनी ते फरशीसारखे बसवले, आणि संध्याकाळी बाबा पायातल्या चपला काढून त्यावर उभे राहिले. काही बोलले नाहीत. नुसते उभे राहिले. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत कोड लिहीत होतो आणि त्या संध्याकाळपुरता घरी आलो होतो. ते दृश्य अजून आठवतं.

आता जरा मागे जाऊ. चारशे वर्षं!

लॉन ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती कुठून तरी आली असेल असं वाटतच नाही. पण मराठी घरापुढे हिरवळ नव्हती, अंगण होतं. चोपून सपाट केलेली माती, रोज सकाळी सडा, आठवड्यातून एकदा सारवण, मध्ये तुळशीवृंदावन, दारात रांगोळी. उघडी जमीन हेच त्याचं वैशिष्ट्य. धान्य वाळत घालायला, खाटा टाकायला, पापड-कुरडया करायला, लग्नाचा मांडव घालायला. मोगलांच्या अमलात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे फुलबागेचं गाव. पुढे गाव मराठ्यांकडे आलं आणि नाव पुन्हा नाशिक झालं. पेशवे घराण्यातल्या गोपिकाबाई उतारवयात गंगापूरला राहिल्या, आणि राघोबादादा-आनंदीबाईंची आठवण आनंदवल्लीच्या नावात अजून आहे. मोगलाई बागेत पाण्याचे पाट होते, कारंजी होती, फुलझाडांचे ताटवे होते. पण नुसतं गवत वाढवायचं, ते कापायचं, आणि त्याचं काहीच करायचं नाही, ही कल्पना ना गुलशनाबादची, ना गंगापूरची.

ती युरोपातल्या उमरावांची. पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो अशा देशात गवत आपोआप वाढतं. प्रश्न ते कापण्याचा असतो. विळे चालवणारी माणसं ठेवायची, नाहीतर मेंढ्या चारायच्या. म्हणजे घरापुढे मोठी हिरवळ असणं याचा अर्थ असा, की माझ्याकडे इतकी जमीन आहे की मी तिच्यात काही पिकवत नाही, आणि इतकी माणसं आहेत की ती नुसतं गवत कापतात. आजच्या भाषेत सांगायचं तर स्टेटस अपडेट.

मग १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. स्ट्राउड हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचं गाव. विणून झालेल्या कापडावर जी लव उभी राहते ती एकसारखी कापायला गिरणीत पाती बसवलेला एक फिरता दंडगोल असे. बडिंगने तो पाहिला आणि त्याला वाटलं, हाच दंडगोल चाकांवर बसवून जमिनीवरून फिरवला तर? झालं! जमिनीवरची लव कापणारं यंत्र. (एका डोमेनमधलं सोल्यूशन उचलून दुसऱ्यात टाकणं हा आमच्या धंद्याचा पाया आहे, त्यामुळे बडिंगबद्दल मला फार आपुलकी वाटते.) त्या यंत्राने हिरवळ उमरावाच्या वाड्यातून मध्यमवर्गीय घरापुढे आणली. इंग्रजांबरोबर ती बंगला, व्हरांडा आणि कंपाउंडच्या लवाजम्यात इकडे आली. आमच्या शेजारी देवळाली आहेच. विलायतेच्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत गोरे सोल्जर इतके कंटाळायचे की डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणायची पद्धत पडली, ती आमच्या देवळालीवरूनच. साहेब गेला, छावणी राहिली, आणि बंगल्यापुढे हिरवळ हवी ही समजूत सरकारी निवासस्थानांतून, क्लबांतून, हिंदी सिनेमांतून झिरपत झिरपत सिन्नरच्या एका मुलापर्यंत पोचली. ते गवत सोसायटीवाल्यांना दाखवायला नव्हतं. ‘आता पाणी आहे’ हे स्वतःला पटवायला होतं. हे मला फार उशिरा कळलं.

आता आकडेमोड. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. (मेट्रिक पद्धतीचं हे सौंदर्य शाळेत कुणी नीट दाखवत नाही.) चारशे चौरस फूट म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागतं असं हात राखून धरलं, तरी रोज १८५ लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोजचं लक्ष्य ५५ लिटरचं आहे. म्हणजे आमचं लॉन रोज तीन माणसांचं पाणी पीत होतं आणि चौथ्याकडे आशेने बघत होतं.

हे गणित मी तेव्हा केलं नव्हतं. करायची वेळ २०१६ ने आणली.

२०१५ चा पाऊस आपल्याकडे वाईट गेला, तोही सलग दुसरं वर्ष. त्या शरदात गंगापूर-दारणा समूहातलं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. कारण काय, तर मैदानांवरच्या गवताला लागणारं पाणी. हिरवळीवर कोर्टात खल होण्याची वेळ आपल्याकडे अशी आली. आणि आमच्या नाशकात रामकुंड कोरडं पडलं. ज्या कुंडात कुंभमेळ्याला आदल्याच वर्षी लाखो लोकांनी डुबकी मारली होती, त्यात गुढीपाडव्याच्या सुमारास टँकरने पाणी ओतायची पाळी आली. वर्तमानपत्रांनी १३९ वर्षांत पहिल्यांदा असं झाल्याचं छापलं.

त्या महिन्यात आत्याचा गावाहून फोन आला. नेहमीसारखाच. टँकर दोन दिवसांनी येतो, येतो तेव्हा भांडणं होतात, शेजारच्या म्हातारीचा हंडा पळवला, वगैरे. बाबा हूं हूं करत ऐकत होते. फोन ठेवला आणि बाहेर गेले. पाइप चालू होता. तो त्यांनी बंद केला, गुंडाळला, आणि गच्चीच्या जिन्याखाली ठेवून दिला. आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी ‘बरं केलं’ म्हणालो आणि कामाला लागलो. तीन आठवड्यांत लॉन पिवळं, मग भुरं, मग नुसती भेगाळलेली जमीन. पावसात हराळी आणि गाजरगवत आलं. बाबांनी पुन्हा तिथे काही लावलं नाही. खुर्ची मात्र तिथेच, त्याच जागी. रोज संध्याकाळी ते त्या भुऱ्या तुकड्याकडे बघत बसायचे.

आता मित्राची एंट्री. माझा कॉलेजातला रूममेट सॅक्रामेंटोजवळ राहतो. कॅलिफोर्नियातही तेव्हा दुष्काळच होता. १ एप्रिल २०१५ ला तिथले गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करायचा हुकूम काढला, आणि पाच कोटी चौरस फूट लॉन उखडून तिथे कमी पाण्याची झाडं लावायचं ठरलं. हा विनोद नाही. त्याच्या दहा वर्षं आधी, २००५ मध्ये, उपग्रहांच्या आधाराने केलेला एक अभ्यास आला होता. अमेरिकेत सिंचनावर वाढणाऱ्या मक्याच्या तिप्पट क्षेत्र लॉनखाली आहे असा त्याचा अंदाज होता. म्हणजे त्या देशातलं पाणी पिणारं सगळ्यात मोठं पीक कुणी खातच नाही!

तर मित्राने लॉन काढलं आणि थाईम लावलं. पिझ्झावर पाकिटातून पडतं त्याचीच ही आडवी पसरणारी बहीण. उंची दोन-तीन इंच, बारीक पानं, उन्हाळ्याच्या तोंडी जांभळ्या फुलांची चादर, आणि अधूनमधून पाय पडला तर मरायच्या ऐवजी वास सोडते. दगडगोटे, कडक ऊन, निकृष्ट माती, खत नको, कापणं जवळजवळ नको. फोटो पाठवून त्याने लिहिलं, ‘तुझ्या नाशकात ऊनच ऊन आहे, लाव की!’

पायाखाली चुरडल्यावर सुगंध देणारी जमीन ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस बेकनने १६२५ च्या आपल्या बागांवरच्या निबंधात तेच सुचवलंय. वाटांवर अशा वनस्पती लावा की ज्या तुडवल्या जाताना हवा सुगंधी करतील. त्याच्या यादीत तीनच नावं आहेत आणि त्यांतलं एक रानटी थाईम. विसाव्या शतकात व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेने सिसिंगहर्स्टच्या आपल्या बागेत थाईमचं ‘लॉन’च केलं. गालिच्यासारखं दिसणारं, वेगवेगळ्या रंगांच्या फुलांचं. त्याच्याही मागे जायचं तर अथेन्सजवळच्या हिमेटस डोंगरावरचा मध प्राचीन काळापासून नावाजलेला, आणि त्याचं श्रेय तिथल्या थाईमला देतात. भूमध्य समुद्राभोवतीचे चुनखडीचे उघडेबोडके उतार हे या झाडाचं माहेर.

बियांचं पाकीट इथेच ऑनलाइन मिळालं. ते आलं, फोडलं, आणि आईने हात पुढे केला. तिने त्यातली एक कुंडी आधीच वाढवलेली होती (स्वयंपाकघराच्या खिडकीत, माझ्या नकळत). पान चुरडून नाकाशी नेलं आणि म्हणाली, ‘हा तर ओवा!’

आणि इथे माझा शनिवार-रविवार गेला. कारण आई बरोबर होती.

वनस्पतिशास्त्रात थाईम आणि ओवा एकमेकांचे कुणीही लागत नाहीत. थाईम तुळशीच्या कुळातलं. म्हणजे वृंदावनातली तुळस, पुदिना, मरवा, सब्जा ही त्याची सख्खी-चुलत भावंडं. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, जिरं-बडीशेपेच्या पंगतीतला. पण दोघांच्या तेलात मुख्य द्रव्य एकच, थायमॉल. दोन वेगळ्या टीमनी, वेगळ्या भाषांत, एकमेकांना न विचारता लिहिलेले प्रोग्रॅम आणि आउटपुट अगदी तंतोतंत सारखं! (हिमालयात रानटी थाईमला लोक ‘बन अजवायन’ म्हणतात. म्हणजे पहाडी माणसाच्या नाकाने हा शोध आमच्या आईच्याही आधी लावलेला.) गंमत म्हणजे, ज्याला आपण पानओवा म्हणतो, ज्याच्या जाड पानांची भजी करतो, तो ओवाच नाही. तोही तुळशीच्याच कुळातला.

थायमॉल पहिल्यांदा वेगळं केलं जर्मन रसायनज्ञ कास्पर नॉयमन याने, १७१९ मध्ये, थाईमच्या तेलातून. त्याचं नाव आणि रासायनिक घडण १८५३ मध्ये लालमाँ या फ्रेंच माणसाने ठरवली. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच ओव्यातून निघणारे खडे म्हणजे तेच थायमॉल हे सिद्ध झालं. तेही कुठल्या खड्यांवरून? १८७४ मध्ये फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांनी औषधी वनस्पतींवरचा एक मोठा ग्रंथ काढला. त्यात त्यांनी नोंदवलंय की ओव्याचा अर्क काढताना वर जमणारे स्फटिक पुण्यात आणि दख्खनच्या इतर गावांत दुकानांतून ‘अजवायन का फूल’ म्हणून विकले जातात. म्हणजे युरोपातली प्रयोगशाळा ज्याचं सूत्र मांडत होती ते आपल्याकडे पुडीत बांधून मिळत होतं!

हे ‘ओव्याचं फूल’ आजही मिळतं. आजीच्या फडताळात असायची ती बाटली आठवा. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की आपोआप पाणी होतं. लहानपणी मला ती जादू वाटायची. पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. अमृतधारा ती हीच. लाहोरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच नावाचं औषध बाजारात आलं आणि ते इतकं चाललं की ‘लक्ष्मणधारा’ हे नाव त्याच्या फार जवळ जातं का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ मध्ये न्यायालय म्हणालं, हो, जातं.

मोठ्या बाजारातली गोष्ट मात्र वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला थायमॉल जंतुनाशक म्हणून आणि पुढे पोटातल्या आकडीकृमींवरचं औषध म्हणून जगभर खपायला लागलं. अमेरिकेच्या दक्षिणेत रॉकफेलरच्या पैशाने १९०९ पासून जी कृमिविरोधी मोहीम निघाली, तिचं मुख्य औषध हेच. आणि ते बनायचं कुठे? मुख्यतः जर्मनीत. कशापासून? हिंदुस्थानातून बोटीने गेलेल्या ओव्यापासून. कच्चा माल इथला, कारखाना तिथला, बाटली परत इथे. ही कथा आपल्याला कापसाच्या बाबतीत पाठ आहे, ओव्याच्या बाबतीत कुणी सांगत नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मन माल बंद झाला आणि थायमॉलचे भाव भडकले. तेव्हा कुठे साहेबाच्या लक्षात आलं की ओवा तर आपल्याच राज्यात पिकतो.

असो. ओव्यातून परत अंगणात.

२०२१ मध्ये घरून काम सुरू होतं आणि मी नाशकातच होतो. जूनमध्ये, पहिल्या पावसावर, त्या भुऱ्या तुकड्यात मी थाईमची पन्नास रोपं लावली. वीत-वीत अंतरावर, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. बाबा खुर्चीतून बघत होते. ‘मृगात लावलेलं काहीही जगतं,’ म्हणाले. जुलैच्या अखेरीला रोपं मधोमध काळी पडायला लागली, वरून बुरशी, खालून मुळं कुजलेली. ऑगस्टच्या झडीनंतर पन्नासांपैकी तीन राहिली. ती मी उपटून कुंडीत घातली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला लॉन सुकलं तेव्हाच्या न बोलण्यासारखं वाटलं आणि फार लागलं. एक हिरवा तुकडा परत द्यायला निघालो होतो आणि तोही त्यांच्या डोळ्यांदेखत मारला.

चूक कुठे झाली? रूट कॉज अ‍ॅनालिसिस करायला मला दोन महिने लागले, उत्तर मात्र शाळेच्या भूगोलात होतं. ‘कोरडं आणि भरपूर ऊन’ हे वर्णन सॅक्रामेंटोलाही लागू आहे आणि नाशिकलाही. पण भूमध्य प्रदेशात आणि कॅलिफोर्नियात पाऊस थंडीत पडतो, झाड झोपेत असताना, तोही निचऱ्याच्या जमिनीवर. उन्हाळा पूर्ण कोरडा. आपल्याकडे वर्षातला बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत, ऐन उकाड्यात, ढगाळ हवेत. आणि खाली काळी माती, जी पाणी पिऊन फुगते आणि आठवडाभर सोडत नाही. थाईमला तहान मारत नाही, ओले पाय मारतात. सरासरी सारखी, कॅलेंडर उलटं. टाइमझोनचा बग!

आणि मग मला वाटलं, अरे, ही अडचण नाशिकमध्ये पहिल्यांदा आलेली नाही. द्राक्ष! द्राक्षही थंड हिवाळ्याच्या देशातलं झाड, तिकडे ते हिवाळ्यात पानं गाळून झोपतं. आपल्याकडे त्याला झोपच येत नाही. मग नाशिकच्या शेतकऱ्यांनी काय केलं, तर वर्षात दोनदा छाटणी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काड्या तयार करायला. ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, गोडी छाटणी, फळ धरायला. झाडाचं कॅलेंडर माणसाने कात्रीने लिहायचं. पिंपळगाव-ओझर पट्ट्यातला कुठलाही बागाईतदार मला हे चहा पिता पिता सांगू शकला असता. मी मात्र विलायती पुस्तकं वाचत बसलो होतो.

म्हणून दुसरी खेप ऑक्टोबरमध्ये. सगळं अंगण नाही, पायऱ्यांच्या बाजूचा सहा बाय चारचा तुकडाच घेतला. वीतभर काळी माती काढली. तिथे मुरूम, बारीक खडी आणि अगदी थोडं कंपोस्ट, जमिनीपासून उंच आणि एका बाजूला उतार. कुंडीतल्या तीन वाचलेल्यांच्या फांद्या कापून त्यांचीच रोपं केली (जी आपल्या पावसातून वाचली ती आपली). रोपांमध्ये खडी पसरली म्हणजे पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. सुरुवातीला दोन-तीन दिवसांनी पाणी, मूळ धरल्यावर थंडीत आठवड्यातून एकदा. मेच्या शेवटी, पावसाच्या आधी, एक तृतीयांश छाटून मोकळं केलं म्हणजे वारा खेळतो. जुलै-ऑगस्टच्या झडीला चार काठ्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक, बाजू उघड्या. दर पावसाळ्यात थोडं मरतं, दर ऑक्टोबरला तेवढं भरतो. फुलं मोजकीच येतात, मित्राच्या फोटोतली जांभळी चादर इथे कधी झाली नाही आणि होईल असं वाटतही नाही. पण हिरवं आहे, जगलंय, आणि पाय पडला की ओव्याचा वास.

उरलेल्या जागेचं काय? तिथे मी हट्ट सोडला. खोलगट भागात जलपिंपळी लावली. हिलाच काही जण रतोलिया म्हणतात. आपल्याकडे ओढ्याकाठी, बांधावर आपोआप पसरते, बारीक पांढरट-जांभळट फुलं, मधमाशा खूश, पाऊसही सोसते आणि ऊनही. कुंपणाच्या कडेने आईचा ‘ऑफिस टाइम’, दहा वाजता उघडणारा आणि माझ्यापेक्षा वक्तशीर. आणि मधला मोठा चौकोन बाबांनी काहीच लावू दिला नाही. दोन माणसं बोलावून चोपून घेतला. म्हणाले, ‘राहू दे, अंगण आहे.’

गेल्या जानेवारीत आत्या आली होती. पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, पायऱ्या चढताना तोल सांभाळायला ती बाजूच्या थाईमवर पाय देऊन उभी राहिली. मी ओरडणार होतो, पण बाबांनी हाताने थांबवलं. तिने खाली बघितलं, नाक वर केलं. ‘आरं, ह्याला तर ओव्याचा वास येतोय.’ आईने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मला वाटलं आता आत्या विचारेल हे काय झाड, कुठून आणलं, फुलं कसली येतात. मी बेकनपासून सुरुवात करायच्या तयारीत होतो. तिने विचारलं, ‘पाणी किती लागतं याला?’

‘या दिवसांत आठवड्याला दोन बादल्या,’ बाबा म्हणाले. माझ्या आधी, लगेच.

आत्याने मान डोलावली. ‘मग असू दे,’ म्हणाली, आणि आत गेली. बाबा थोडा वेळ पायरीवर उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या.

चला, पुढच्या वीकांताला पुन्हा एखादा शिलालेख बघू. आणि हो, हे वाचून कुणाला थाईम लावायचा उत्साह आला असेल तर कृपया मृगाची वाट बघू नका. दसरा होऊ द्या.